धाकट्याच्या चांदीच्या तारा

संस्थेत त्यांना मोठे साहेब आणि छोटे साहेब म्हणत. घरात ते थोरला आणि धाकटा होते. दोघांत सात वर्षांचं अंतर. वडील गेले तेव्हा थोरला नुकताच कॉलेजात गेला होता आणि धाकटा पाचवीत होता. तेव्हापासून धाकट्याच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही थोरल्याची. सायकल शिकवली त्यानं, गणितं करून घेतली त्यानं, आणि रसायनाचा नाद लावला तोही त्यानंच. एकदा दोघांनी मिळून ओट्यावर कसलासा प्रयोग केला आणि आईच्या चांगल्या पातेल्याला भोक पाडलं. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "एक शास्त्रज्ञ पुरत नव्हता का रे घराला, म्हणून दुसरा तयार करतोयस?"

पुढे थोरला एका संशोधन संस्थेत फ्युएल सेल विभागाचा प्रमुख झाला. फ्युएल सेल म्हणजे एका बाजूनं हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूनं ऑक्सिजन सोडायचा आणि मधल्या मध्ये वीज काढून घ्यायची. धूर नाही, जाळ नाही, मागे उरतं ते पाणी. ऐकायला सोपं, पण ऑक्सिजन हा मोठा आळशी गडी. त्याला कामाला लावायला प्लॅटिनम लागतं, आणि प्लॅटिनम काही रस्त्यावर पडलेलं नसतं. सेलमध्ये आम्लाऐवजी अल्कली वापरली तर चांदीवरही काम भागू शकतं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. अडचण अशी की साधी चांदी फार संथ. ती अतिसूक्ष्म हवी आणि घाटही नेमका हवा: केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या जाडीच्या, लांबच लांब तारा. त्या घाटामागे विभाग चार वर्षं लागला होता, आणि हाती यायचे ते गोल गोल दाणे.

धाकटा तिथे लागला तो स्वतःच्या गुणांवर. त्याच्या मुलाखतीच्या दिवशी थोरला मुद्दाम रजा टाकून घरी बसला होता. तरीही जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणालंच, "चला, घरचाच माणूस आला." हे वाक्य थोरल्याच्या मनात असं रुतलं की पुढे तो भावाशी वागताना कायम ते आठवूनच वागायचा. दुसऱ्या कुणाला दहा मिनिटं उशीर झाला तर तो घड्याळाकडे बघायचासुद्धा नाही. धाकट्याला मात्र चारचौघांत विचारायचा. धाकटा हसून घ्यायचा. "दादाला माझ्यावर ओरडलं की अन्न पचतं," असं तो वहिनीला सांगायचा.

धाकट्याच्या हाताला गुण होता. ग्लायकॉल नावाच्या दाट, गरम द्रवात चांदीचं द्रावण थेंब थेंब सोडायचं काम तो तास न् तास करायचा. त्याच्या बोटांची टोकं चांदीनं कायमची काळी पडलेली. पंधराव्या महिन्यात एका दुपारी फ्लास्कमधलं पाणी पिवळं झालं, मग राखाडी, आणि त्यानं फ्लास्क हलवला तशी आत रेशमासारखी झळाळी फिरू लागली. काचसामान धुणारा एक म्हातारा होता, सगळे त्याला बाटलीमामा म्हणायचे. तो दारातून ट्रे घेऊन येत होता, तो तिथेच थबकला.

"छोटे साहेब, मोती विरघळवलेत का काय यात?"

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ताराच तारा, सुया सांडल्यासारख्या. इलेक्ट्रोडवर लावून मोजमाप घेतलं, तर चांदी प्लॅटिनमच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभी. धाकट्यानं तोच प्रयोग तीन महिन्यांत चौदा वेळा केला आणि बारा वेळा तारा मिळाल्या. शोधनिबंध एका शोधपत्रिकेत छापून आला. त्या रविवारी आईकडे जेवताना थोरल्यानं भावाच्या पाठीवर थाप मारली, आणि आईनं दोघांच्या ताटात वाढता वाढता डोळे पुसले. त्या घरातला तो शेवटचा चांगला रविवार म्हणायचा.

वर्षभरात दूरच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. आम्ही तुमच्या कृतीबरहुकूम सगळं केलं, आम्हाला दाणेच मिळतात. मग दुसरं पत्र आलं, तिसरं आलं. तोवर विभाग नव्या इमारतीत गेला होता. तिथे सगळं चकचकीत, जमिनीत तोंड दिसेल असं. बाटलीमामा निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी काच धुणारं यंत्र आलं होतं. धाकटा म्हणाला, "थांबा, मी करून दाखवतो." त्यानं केलं, आणि दाणे आले. पुन्हा केलं, पुन्हा दाणे. तेच ग्लायकॉल, तीच चांदी, तेच हात. अकरा वेळा केलं, अकराही वेळा दाणे. तो सुकत चालला. कधी तापमापक बदलायचा, कधी चांदीची नवी बाटली फोडायचा, कधी नुसताच फ्लास्कसमोर बसून राहायचा.

संचालकांनी चौकशी समिती नेमली. समितीनं वह्या चाळल्या, आलेख तपासले. खोटेपणाचा पुरावा मिळाला नाही. पण खरेपणाचाही मिळेना. धाकट्यानं समितीसमोर एवढंच मागितलं, "मला सहा महिने द्या. काहीतरी बदललंय. ते काय ते मी शोधून काढतो."

संचालक थोरल्याकडे वळले. "विभाग तुमचा आहे आणि माणूसही तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तसं करू."

माणूसही तुमचा आहे. खोलीत पाच जण होते आणि पाचही जण आपल्याकडेच बघताहेत असं थोरल्याला वाटलं. तो ताठ बसला आणि म्हणाला, "निबंध मागे घ्यावा. या निकालांच्या खरेपणाची मी खात्री देऊ शकत नाही."

हेच वाक्य पुढे पत्रिकेत जसंच्या तसं छापून आलं, खाली थोरल्याच्या सहीसकट.

धाकट्यानं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. त्याच रविवारी आईकडे दोघं समोरासमोर बसले. ताटं वाढलेली होती, कुणीही हात लावला नव्हता.

"दादा, समितीचं राहू दे," धाकटा म्हणाला. "तू सांग. मी खोटं केलं असं तुला वाटतं का?"

तेव्हा 'नाही' एवढा एक शब्द बोलायला काय लागत होतं? पुढची कित्येक वर्षं थोरला स्वतःला हेच विचारत राहिला. कारण त्याला तसं वाटत नव्हतंच. पण त्या आठवड्यात तो इतका प्रमुख झाला होता की भाऊ व्हायला त्याला जमेना.

"मला काय वाटतं याला महत्त्व नाही," तो म्हणाला.

धाकटा उठला, आईला नमस्कार केला आणि निघून गेला. ताट तसंच राहिलं.

नंतर तो दोन तासांच्या अंतरावरच्या एका गावात गेला. तिथे धातूच्या वस्तूंवर चांदी, निकेल चढवून देण्याचा एक छोटा कारखाना होता. आधी तिथे नोकरी केली, मग मालक थकल्यावर त्यानंच तो चालवायला घेतला. आई सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे राहायची. दोघांच्या घरच्या बातम्यांची नेआण तीच करायची, पण निरोप मात्र कुणी कुणाला दिला नाही. पाचव्या वर्षी ती आजारी पडली. थोरला उशाशी बसलेला असताना ती म्हणाली, "त्याला एकदा विचार तरी, तेव्हा काय झालं होतं. तो सांगेल." थोरला म्हणाला, "विचारतो." आठ दिवसांनी ती गेली. दोन्ही भाऊ तिच्या दोन बाजूंना उभे होते. जे काही बोलले ते डॉक्टरांच्या कागदांबद्दल आणि आईच्या कपाटाच्या किल्लीबद्दल. विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतर कधीतरी एका नियतकालिकात थोरल्यानं वाचलं की चांदीच्या तारा वाढवताना द्रावणात क्लोराइडचा अगदी अंश असला तर तारा नीट येतात, नसला तर दाणे होतात. क्लोराइड म्हणजे साध्या मिठातलं. ते वाक्य त्यानं पुन्हा एकदा वाचलं. पण आपल्याकडे मीठ कुठून येणार, काच तर स्वच्छ असायची, असं म्हणून त्यानं पान उलटलं. खरं सांगायचं तर त्याला ते पान उलटायचंच होतं.

नऊ वर्षं झाली. एकदा थोरला डोळे तपासायला गेला होता. तिथल्या बाकावर त्याच्या शेजारी एक म्हातारा बसला होता, डोळ्याला हिरवी पट्टी लावलेला. थोरल्यानं खिडकीवर आपलं नाव सांगितलं.

"मोठे साहेब ना?" म्हातारा आवाजाच्या दिशेनं वळला. "मी बाटलीमामा."

थोरल्याला बरं वाटलं. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या. मग मामानं विचारलं, "छोटे साहेब कसे आहेत? त्यांचं ते मोत्यांचं पाणी मी अजून विसरलो नाही हो. त्यांचे फ्लास्क म्हणजे तापच होता. सगळी चांदी आतून चिकटलेली. तेजाबानं काढायला लागायची."

"तुमच्या हातची काच स्वच्छ असायची, मामा."

मामा जरा चुळबुळला. पट्टीला हात लावून म्हणाला, "आता काय, तुम्हीही केस पांढरे करून बसलात आणि मीही घरी बसलो, म्हणून सांगतो. छोटे साहेब म्हणायचे, शेवटी शुद्ध पाण्यानं तीन वेळा खळबळून घ्या. मी म्हणायचो हो. पण जुन्या इमारतीत शुद्ध पाण्याचे दिवसाला दोन कॅन मिळायचे, आणि तेही तुम्हा लोकांना पुरायचे नाहीत. मी आपला बोअरच्या पाण्यानं धुवायचो आणि भट्टीत वाळवायचो. मचूळ पाणी ते, डाग पडायचे. मग फडक्यानं पुसून काढायचो. बाहेरून."

"आणि आतून?" थोरल्यानं विचारलं.

"आत फडकं कसं जाणार, साहेब?"

आतून डॉक्टरांच्या मदतनिसानं थोरल्याच्या नावाचा पुकारा केला. तो उठला नाही. दुसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा मामानंच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जा, साहेब. माझं काही चुकलं का?"

"नाही, मामा," थोरला म्हणाला. "तुमचं नाही."

तो डोळे न तपासताच बाहेर पडला आणि सरळ संस्थेत गेला. कोठीतून धाकट्याची जुनी वही काढली. ती फळीवर मागच्या बाजूला पडलेली होती, पानांच्या कडांना काळ्या बोटांचे ठसे. जुन्या इमारतीच्या बोअरचं पाणी आता मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं साधं मीठ घेतलं, काही कण, आणि ग्लायकॉलमध्ये विरघळवून थेंब मोजून घातले. कित्येक वर्षांत त्यानं स्वतःच्या हातानं प्रयोग केला नव्हता. पहिल्यांदा मीठ जास्त झालं आणि सगळं ताकासारखं पांढरं फुटलं. दुसऱ्यांदा तापमान पडलं. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, पाणी पिवळं झालं, मग राखाडी झालं. त्यानं फ्लास्क हलवला.

आत रेशीम फिरलं.

शेजारच्या टेबलावरच्या तरुण संशोधिकेनं विचारलं, "सर, बरं वाटत नाही का?" त्यानं मानेनंच नाही म्हटलं, आणि ते कशाला नाही ते तिला कळलं नाही. संध्याकाळच्या आत इलेक्ट्रोडवरचं मोजमाप झालं. त्यानं आपला आलेख पारदर्शक कागदावर काढून धाकट्याच्या वहीतल्या आलेखावर ठेवला. दोन रेषांची एक रेष दिसत होती.

पुढच्या शनिवारी तो बसनं भावाच्या गावी गेला. कारखाना एका गल्लीच्या तोंडाशी होता. लांबट खोली, ओळीनं पाच टाक्या, टाक्यांवर पितळी दांड्या आणि दांड्यांना तारेनं टांगलेले चमचे, नळ्या, दाराच्या कड्या. हवेत धातूचा आंबूस वास. रबरी एप्रन घातलेला एक माणूस पाठमोरा उभा राहून एक दांडी हलवत होता. त्याच्या डोक्याला टक्कल पडायला लागलं होतं. धाकट्याला टक्कल पडतंय हेच थोरल्याला ठाऊक नव्हतं.

"दादा?" धाकटा वळून म्हणाला. मग लगेच, "कोण गेलं?"

कुणी गेल्याशिवाय आपण भावाकडे येत नाही, असाच त्या प्रश्नाचा अर्थ होता.

"कुणी नाही. सगळे बरे आहेत. तुझ्याशी बोलायचंय."

धाकट्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं, "बसा, दादा" म्हणाली, आणि दोघांच्या तोंडाकडे बघून आत गेली. थोरल्यानं पिशवीतून वही काढली, पारदर्शक कागद काढला, आणि सगळं सांगितलं: बाटलीमामा, बोअरचं पाणी, मीठ. धाकटा ऐकत होता. आलेखावरून त्यानं काळं बोट एकदा हळूच फिरवलं.

"मीठ," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "मीठ, होय." मग त्याला हसू आलं आणि ते लगेच गेलंही. "मामाला मी रोज विचारायचो, तीन वेळा धुतलंत ना? रोज हो म्हणायचा, लबाड. नव्या इमारतीत मी एकेक गोष्ट बदलून पाहत होतो. तापमान झालं, चांदी झाली, ग्लायकॉल झालं. पाण्याचा नंबर पुढचाच होता, दादा. वहीत बघ, शेवटच्या पानावर यादी आहे."

थोरल्यानं शेवटचं पान उघडलं. यादी होती. पहिल्या चार ओळींवर बरोबरच्या खुणा होत्या. पाचव्या ओळीत लिहिलं होतं: काच, पाणी, धुणं. तिच्यापुढे खूण नव्हती. ही वही नऊ वर्षं त्याच्याच कोठीत होती.

"सहा महिने मागितले होते मी," धाकटा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "महिन्याभरातच सापडलं असतं."

"हो."

"माझ्या जागी दुसरा कुणी असता तर दिले असतेस?"

थोरल्याला खोटं बोलता आलं असतं. "दिले असते," तो म्हणाला. "परक्याला वर्षसुद्धा दिलं असतं. तू माझा भाऊ म्हणून दिले नाहीत. लोक काय म्हणतील याची भीती वाटली. आणि तू खोटं केलं नाहीस हे मला तेव्हाही माहीत होतं. माझं चुकलं."

"चुकलंच," धाकटा म्हणाला.

तो 'असू दे' म्हणेल, निदान 'झालं गेलं' म्हणेल, अशी थोरल्याला कुठेतरी आशा होती, हे त्याला तेव्हा कळलं. धाकटा तसलं काही म्हणाला नाही. टाकीकडे गेला, दांडी उचलली, चमचे निथळू दिले आणि शेजारच्या पाण्यात बुडवले.

"मी पत्रिकेला लिहितो," थोरला त्याच्या पाठीमागून म्हणाला. "तो निबंध पुन्हा दाखल करायला लावतो. संस्थेत जागा आहे. तू परत ये."

"बावन्न वर्षांचा झालोय मी, दादा. आता मी तिथे येऊन काय करू? मुलांच्या हाताखाली थेंब सोडत बसू?" मग तो म्हणाला, "तू लिही. तुला लिहायला हवं. त्यानं मला काय वाटतं ते मग बघू."

थोरल्यानं लिहिलं. पत्रिकेचं उत्तर सभ्य होतं: मागे घेतलेला निबंध पुन्हा दाखल करण्याची सोय नाही, हवं तर नव्यानं पाठवा. त्यानं नव्यानं लिहून काढला, धाकट्याचं नाव पहिलं घातलं आणि पाठवला. दोन महिन्यांनी तो परत आला. काम काटेकोर आहे, परीक्षकानं म्हटलं होतं, पण यात आता नवं काही नाही. आणि ते खरंच होतं. मधल्या वर्षांत जगभरात कितीतरी जणांनी चांदीच्या तारा करून दाखवल्या होत्या, क्लोराइडसकट, आणि त्यांपैकी काहींचे सेल आता प्रत्यक्ष चालतही होते. नऊ वर्षांपूर्वी जी गोष्ट पहिली ठरली असती ती आता कुठल्या रांगेत उभी करावी हेही कळेना. थोरला चिकाटीनं मागे लागला, संपादकांना फोन केले, जुन्या समितीतल्या हयात असलेल्या दोघांच्या सह्या मिळवल्या. अखेर पत्रिकेनं सात ओळींची एक टीप छापली: त्या निकालांची आता खातरजमा झाली असून, मूळ संशोधकाकडून कोणतीही लबाडी झाली नव्हती.

ती टीप त्यानं धाकट्याला फोनवर वाचून दाखवली. पलीकडे टाक्यांतलं पाणी ढवळल्याचा आवाज येत होता.

"पुन्हा वाच, शेवटची ओळ," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं वाचली.

मग धाकटा म्हणाला, "आई असताना यायला हवं होतं रे," आणि फोन ठेवून दिला.

तेव्हापासून थोरला महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारी तिकडे जातो. आता येऊ का असं विचारत नाही. धाकटाही ये किंवा नको येऊस म्हणत नाही. दारापाशी एक स्टूल असतं, त्यावर तो बसतो. चहा येतो. बोलणं होतं ते टाकीतल्या द्रावणाचं, धाकट्याच्या गुडघ्याचं, वहिनीच्या रक्तदाबाचं. जुन्या दिवसांवर गाडी आली की धाकट्याला काहीतरी काम आठवतं आणि तो उठतो. थोरल्यानं ते ओळखलंय. तोही मग विषय सोडून देतो.

मागच्या खेपेला एक गिऱ्हाईक आलं होतं, वाद्यं दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या तुताऱ्या तिथे चांदी चढवायला यायच्या. सात वर्षांची ओळख. स्टुलावर बसलेल्या थोरल्याकडे बघून त्यानं विचारलं, "हे कोण पाहुणे?"

"माझा थोरला भाऊ," धाकटा म्हणाला.

"अरेच्चा! तुम्हाला भाऊ आहे? इतक्या वर्षांत कधी दिसले नाहीत, कधी नाव काढलं नाहीत."

थोरल्यानं हातातल्या कपाकडे पाहिलं. जे काय असेल ते आता भाऊ सांगेल, आणि त्याला तो हक्क आहे, असं मनाशी म्हणून तो वाट पाहत राहिला.

"कामात असायचा तो," धाकटा म्हणाला, आणि तुतारी उजेडाकडे धरून कुठे चांदी पातळ बसलीय का ते बघू लागला.